येताना किती?

चढावरच्या घराची जाहिरात दलालाने स्वतः लिहिली होती. शाळा दोन मिनिटांवर, दवाखाना तीन मिनिटांवर, वाचनालय, बाग, किराणा, सगळं पाच मिनिटांच्या आत. त्यात खोटं काहीच नव्हतं. वेळ मोजताना तो या घरापासून निघाला होता, सायकलवर होता, आणि रस्ता असा उताराचा की पायडल मारायची वेळच आली नव्हती.

घराचे मालक निवृत्त शिक्षक. गल्लीतली पोरं त्यांना काका म्हणत, म्हणून पोरांचे आईबापही काकाच म्हणत. काकांच्या गुडघ्यांनी हल्ली संप पुकारला होता. लेकीने आपल्या शेजारीच सपाटीवरचं, तळमजल्याचं घर हेरून ठेवलं होतं. हे विकलं की ते घ्यायचं. पण आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक काकांनीच पळवलं होतं. कुणी काही विचारलं की काका नीट समजावून सांगत.

"काका, आज तोंडाला कुलूप," दलाल म्हणाला. "नाहीतर बसा चढत."

काकांनी शहाण्या मुलासारखी मान हलवली.

गिऱ्हाईक म्हणजे नवरा, बायको आणि बायकोची आई. आजीबाईंनी नळ सोडून पाहिले, खिडक्या उघडून लावल्या, मग जाहिरात डोळ्यांजवळ धरली.

"दवाखाना तीन मिनिटं. बरं. आणि येताना?"

दलाल छताचा रंग बघू लागला.

"आई, जाताना तीन तर येतानाही तीनच की," जावई म्हणाला.

"जावईबापू, तुमची गाडी वर येताना रडत होती. मी आतच होते."

वर्गात कुणी हात वर केला, तर त्याचं समाधान झाल्याशिवाय काकांनी जन्मात पान उलटलं नव्हतं.

"येताना अर्धा तास," ते म्हणाले.

दलालाने डोळे मिटून घेतले.

"तीन ठिकाणी बसावं लागतं ना. चला, दाखवतो."

सगळे खाली उतरले आणि चढायला लागले. पहिला थांबा दवाखान्याबाहेरचं बाकडं. कंपाउंडर खिडकीतून डोकावला आणि कुणाचा खोकला बरा झाला ते सांगून गेला. दुसरा शाळेचा कट्टा. मधली सुट्टी होती. काकांना पोरांनी घेरलं आणि आजीबाईंनाही एक कोडं घातलं. त्यांना ते सुटलं नाही. तिसरा थांबा शिंप्याच्या दुकानाची पायरी. कापडाच्या गठ्ठ्यांमुळे तिच्यावर एकच माणूस मावे. तिथे आजीबाई टेकल्या. कोणाचा सदरा कुठे उसवला आणि का, हे शिंपी सांगत होता.

जावई धापा टाकत म्हणाला, "आई, उठा. दुसरं घर बघू."

"आपल्या इमारतीत लिफ्ट आहे," आजीबाई म्हणाल्या. "तिच्यात आरशाशिवाय मला कुणी भेटत नाही. हेच घर घ्यायचं."

"अहो, पण हा चढ!"

"मी बसलेय. तुम्ही चढा."

आजीबाईंची लेक हसली. दलालाने, जणू सगळं ठरवूनच केलं होतं अशा थाटात, काकांचा हात हातात घेतला. बोलणी तिथेच सुरू झाली, आणि आजीबाईंचा उठायचा विचार दिसेना.

शिंप्याने चष्म्यावरून बघितलं. "काका, आज उभे?"

"घर दिलं ना," काका म्हणाले, आणि त्यांनी दाराची चौकट धरली.