कुशीला लावलेला फोन

गोंबो आबांचा बदामी घोडा चोवीस वर्षांचा झाला होता आणि आबांखेरीज त्याला कुणी हात लावत नसे. घोड्याची काही हरकत नव्हती, हरकत आबांची होती. पाणी तेच पाजत, वैरण तेच टाकत, खूर तेच तासत. सून डोलगोर मेंढ्या बघायची, याक पिळायची, बाकीचे घोडे हाकून आणायची. पण ती बदामीच्या जवळ गेली की आबा कुठूनसे येऊन मध्ये उभे राहत.

याला कारण होतं, बारा वर्षांपूर्वीचं. डोलगोर तेव्हा नवी नवरी होती. बदामी दौडून घामाघूम होऊन आला आणि तिनं मायेपोटी त्याच्यापुढे नदीच्या गार पाण्याची बादली धरली. घोडा घटाघटा प्याला, आणि दिवस कलायच्या आत पोटशुळानं जमिनीवर लोळायला लागला. दोन दिवस तो मरणाच्या दारात होता. आबा तिला एका शब्दानंही बोलले नाहीत. त्यांनी फक्त तिच्या हातातून ती बादली काढून घेतली. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर डोलगोरला चाललं असतं.

आता बारा वर्षांनी, मार्चमध्ये, नदीवरचा बर्फ फोडताना आबा घसरले आणि त्यांच्या मांडीचं हाड मोडलं. डोलगोरचा नवरा दोर्लिग त्यांना घेऊन जिल्ह्याच्या दवाखान्यात गेला आणि तिथंच त्यांच्या उशाशी राहिला. घोड्यांचा कळप शेजारच्या मुक्कामावरच्या शागदारनं आपल्या कळपात सामावून घेतला. बदामीला मात्र तो नेईना. घोड्याच्या बरगड्यांवरून हात फिरवत तो म्हणाला, "वहिनी, हा काही हिरवं गवत बघत नाही. उगाच जीव लावू नका."

डोलगोरनं बदामीपुढे चांगल्यातली चांगली वैरण टाकली. तो खायचा, निदान खातोय असं दिसायचं. चार दिवसांनी तिच्या लक्षात आलं, की त्याच्या पायाशी अर्धवट चघळलेल्या गवताचे ओले बोळे पडलेत. तोंडात घेतलेलं बरंचसं तो बाहेर टाकत होता.

फोन लागायचा तो फक्त मुक्कामामागच्या टेकडीच्या माथ्यावर. ती चढून गेली. दोर्लिगनं फोन आबांच्या कानाला लावला. तिनं गवताच्या बोळ्यांचं सांगितलं. मग आबांनी विचारलं, "लीद कशी आहे?"

तिनं बघितलीच नव्हती. ती खाली उतरली, काडीनं लीद उकलून बघितली आणि पुन्हा वर आली. "लांब लांब काड्या आहेत, आबा."

"दाढा झिजल्यात त्याच्या. हिवाळाभर मी कोंडा भिजवून घालत होतो," आबा म्हणाले. आणि मग, सोळा मैलांवरच्या बाजाराची वाट सांगावी तसं, त्यांनी तिला एकेक सांगितलं. कोंडा कोमट पाण्यात भिजवायचा, बोट बुडवल्यावर चटका बसता कामा नये. चिमूटभर मीठ. वैरण बोटाच्या पेराएवढी कापून त्यातच मुरवायची. दिवसातून चारदा, पण दर वेळी थोडंच, कारण उपाशी पोटाला एकदम भार सोसत नाही. पाणी उन्हात ठेवलेलं. सकाळी आधी कान चाचपायचे. गार लागले तर कमरेवर लोकरीचा जाड नमदा टाकायचा.

डोलगोरनं तसंच केलं. तालुक्याच्या गावची गुरांची डॉक्टरीण मोटारसायकलवरून आली आणि तिनं दाढांच्या टोचणाऱ्या धारा कानशीनं घासून दिल्या. रोज दुपारी डोलगोर टेकडी चढून कान, लीद, पाणी सगळं सांगायची. आबा "हं" म्हणायचे. आठव्या दिवशी ते "बरं केलंस" म्हणाले, आणि फोन बंद झाल्यावरही ती जरा वेळ तो हातात धरून उभी राहिली.

बदामी आता तिच्या मागे यायला लागला होता. पातेलं बघितलं की ओठ हलवायचा, आणि खाऊन झालं की कोंड्यानं माखलेलं तोंड तिच्या खांद्याला पुसायचा.

मग मेंढ्या व्यायला लागल्या. एका सकाळी तीन मेंढ्या एकदम अडल्या. पुढची खेप चुकणार म्हणून डोलगोरनं घाईघाईत दोन खेपांचा कोंडा एकदमच घातला, तोही नीट न भिजलेला. दुपारी येऊन बघते तो बदामी आडवा, मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघत होता.

मग तिनं दावं धरून त्याला कसंबसं उठवलं आणि सरळ टेकडीची वाट धरली. पोट दुखणाऱ्या घोड्याला चालवायचं तर होतंच, आणि सांगायचंही होतं. वाटेत तिला दहा सबबी सुचल्या. माथ्यावर पोचल्यावर ती म्हणाली, "आबा, माझं चुकलं. मी जास्त घातलं, आणि कोरडं घातलं. त्याचं पोट दुखतंय."

"हिरडी बघ. दाबून सोड."

"पांढरी होते, मग लगेच गुलाबी होते."

"चांगलं आहे. आता कुशीला कान लाव. गुरगुरतं का?"

वारा एवढा होता की तिला काही कळेना. मग तिनं फोनच घोड्याच्या कुशीला लावला आणि स्वतःच्या अंगानं वारा अडवून उभी राहिली. तिकडे म्हातारा दवाखान्याच्या खाटेवर डोळे मिटून ऐकत होता.

फोन परत कानाला लावला तेव्हा आबा म्हणाले, "आतडी चालू आहेत. सावकाश चालवत राहा. खायला काही नको." मग ते पुढे म्हणाले, "पोरी, त्या वर्षी तुझ्या पाण्यानं झालं नव्हतं ते. आदल्या रात्री मी त्याला गहू घातला होता. शर्यतीच्या हौसेनं, पोतंभर म्हण ना. मला तेव्हाच कळलं होतं."

डोलगोरनं दावं हाताला गुंडाळलं.

"तुझ्या हातातून बादली काढून घेतली, आणि मग परत द्यायला तोंड राहिलं नाही. तू आज लगेच सांगितलंस. मला बारा वर्षं लागली."

"चालवते मी त्याला," ती एवढंच म्हणाली. ती रागावली होती आणि रडतही होती, दोन्ही एकदम. माथ्यावर घोड्याला गोल गोल फिरवताना तिनं त्या बारा वर्षांचं जे जे मनात होतं ते त्याला ऐकवलं. सातव्या की आठव्या फेरीला बदामी थांबला, त्यानं शेपूट उचलली आणि लीद टाकली.

तिनं लगेच फोन लावला. दोर्लिगनं उचलला. तिनं सांगितलं ते त्यानं मोठ्यानं आबांना सांगितलं, आणि त्या खोलीतले सगळे पेशंट हसल्याचं तिला ऐकू आलं. आबांचं हसू तिनं त्यातही ओळखलं.

जूनच्या सुरुवातीला, गवत घोट्याएवढं झालं तेव्हा आबा कुबड्या घेऊन घरी आले. जीपमधून उतरून ते घराकडे न जाता बदामीकडे गेले. हिवाळ्याचे केस पुंजक्यापुंजक्यांनी गळत होते. आबांनी बरगड्या चाचपल्या, ओठ वर करून हिरडी बघितली. कुबड्या सांभाळत खाली वाकणं त्यांना जमेना, तेव्हा त्यांनी मागं वळून डोलगोरला हाक मारली आणि पुढचा उजवा खूर उचलून दाखवायला सांगितलं.

तिनं उचलला. आबांनी कुबडीचं टोक खुराच्या कडेला टेकवलं.

"कड वाढलीय," ते म्हणाले. "तासणी आत पेटीत आहे. तूच घे. मी सांगतो कसं ते."