आखूड दोर

"सर, मधोमध वजन टांगलेली दोरी दोन्हीकडून कितीही ओढली, तरी अगदी सरळ का होत नाही?"

हे विचारायची पैज माझ्या शेजारी बसणाऱ्या रंभाने लावली होती. आमच्या चिंचवडच्या शाळेत मुली वर्गात उभ्या राहून काही विचारत नाहीत. मी विचारलं तर आठवडाभर तिच्या चिंचा माझ्या!

परचुरे सर रागावले नाहीत. त्यांनी चार पौंडांचं वजन स्प्रिंगच्या दोन ताणकाट्यांना दोरीने टांगलं. काटे जवळ होते तेव्हा प्रत्येकावर दोन पौंड. दूर नेले तसे तीन, चार, सहा! मग ताडकन दोरी तुटली आणि वजन माझ्या पायाशी आदळलं.

"दोरीची ओढ तिरकी असते," सर म्हणाले. "तिचा वर जाणारा भाग वजन पेलतो. आडवा भाग समोरच्या दोरीशी नुसता भांडतो. दोरी पूर्ण आडवी झाली, तर वजन पेलणार कोण?"

शनिवारची शाळा सुटल्यावर मी दादांचा डबा घेऊन उड्या मारतच पिंपरीच्या नव्या कारखान्यावर गेले. दादा, म्हणजे माझे वडील, तिथे यंत्रं उचलणाऱ्या टोळीचे मुकादम आहेत.

शेडमध्ये लेथ यंत्र टांगलेलं होतं, जमिनीपासून कमरेइतकं उंच. त्याच्या दोन टोकांना बांधलेला दोर मधोमध कप्पीच्या आकड्यात अडकवला होता. इतका आखूड, की जवळजवळ आडवाच. आणि दादा फरशीतली बोल्टांची भोकं साफ करायला यंत्राखाली शिरत होते.



"दादा, बाहेर या! दोर तुटेल!"

"आल्या मास्तरीणबाई!" टोळीतले चिमाजीकाका हसले. "पोरी, नवा दोर हाय."

"आखूड दोर डुलत न्हाई," दादा खालूनच म्हणाले. "वीस वर्सं असाच बांधतोय."

दोर करकरला. मला तर सरांचा एक शब्द आठवेना. मी डब्याची दोरी सोडली, डबा मधोमध अडकवला आणि टोकं चिमाजीकाका अन् टोळीतल्याच हिंदुरावकाकांच्या हातांत दिली.

"ही सरळ करून दाखवा. झाली तर मी गप्प बसते."

"हात्तिच्या!" म्हणत दोघांनी ओढली. आणखी ओढली. मानेच्या शिरा फुगल्या, हिंदुरावकाकांचा पाय घसरला, पण डबा मधे खालीच. मग दोरी तुटली आणि आमटी फरशीभर झाली.

दादांनी यंत्राखालून सांडलेल्या आमटीकडे पाहिलं. मग मान वळवून वर दोराकडे. कशालाही धक्का न लावता ते इंच इंच मागे सरकले.

"उतरवा," बाहेर आल्यावर ते म्हणाले. "सावकाश."

साखळीच्या प्रत्येक खट्‌ला यंत्र बोटभर खाली येत होतं. शेवटी ते ओंडक्यांवर टेकलं. दादांनी आकड्याजवळ दोरावर अंगठा फिरवला. तीनपैकी दोन पेड तुटलेले होते.

घरी जेवताना दादांनी सगळं सांगितलं. ते ऐकून आई माझ्यावरच ओरडली, "पुन्हा त्या कारखान्यात पाऊल टाकायचं नाहीस!"

मी ताटावरून उठले.

"आई, दादा, ऐका. शनिवारचा डबा मीच नेणार. त्या दिवशी मी दोर पाहिल्याशिवाय दादा वजनाखाली जाणार नाहीत. आणि मी नसेन तेव्हा दादांनी लांबच दोर बांधायचा. डुलला तर डुलू दे!"