बुखारेस्टमधली बाकं

बुखारेस्टची सहल आटपून गुरुनाथकाका अमेरिकेत प्लेनोला मुलाकडे परतले, आणि रविवारी टीव्हीवर फोटो लावून बसले. शेजारची डोइना मूळची बुखारेस्टचीच, म्हणून तिलाही बोलावलं होतं.

पण फोटोंत सगळी कॅथलिक, लुथरन नाहीतर अँग्लिकन चर्चं!

"काका, आम्ही सगळे ऑर्थोडॉक्स पंथाचे," डोइना म्हणाली. " मी ह्यांत कधी पाऊलसुद्धा टाकलं नाही. तुम्ही बरी शोधून काढलीत!"

काकांची मान ताठ झाली. "जुनी वास्तू दिसली की मला राहवत नाही."

"वास्तू कसली!" शैलजाकाकूंनी तिथल्या तिथे हवा काढली. "ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये लोक उभ्याने प्रार्थना करतात. ह्यांचे गुडघे कुरकुरले, की हे बाकंवालं चर्च शोधायचे. हा घे पुरावा."

पुढच्या फोटोत काका कॅथलिक चर्चच्या बाकावर तोंड उघडं टाकून झोपले होते. काका ओशाळले. डोइना मात्र हसली नाही. ती टीव्हीजवळ जाऊन मागच्या बाकाकडे बघत राहिली. तिथे डोक्याला रुमाल बांधलेली एक म्हातारी बूट काढून ऐसपैस बसली होती.

"ही माझी आई," डोइना म्हणाली. "मला फोनवर सांगते, रोज आपल्या चर्चमध्ये दोन तास उभी असते!"