बाकवाल्यांचा भोंगा

“ह्या बाईला दोन गुलाशांतला एक निवडता येणार नाही, आणि म्हणे देश चालवणार!” सरपंच वेंडेलिन भर चौकात ओरडला. आमच्या बाईंनी मागचापुढचा विचार न करता ठोकून दिलं, “लावा पैज!”

हे “लावा पैज” अख्ख्या गावाला ऐकवलं कुणी? मी. मी भोंगा. हातात धरायचा, पांढरा, तोंडाला पोचा पडलेला. त्यांनी कळ दाबली, मी ओरडलो. मला काय माहीत पुढे काय वाढून ठेवलंय!

मी शाळेत गेलेलो नाही. शाळेच्या स्पर्धांना गेलोय, तेवढंच माझं शिक्षण. कारखान्यातनं निघालो तो थेट आइस हॉकीवाल्या पोरांच्या हातात. त्यांच्याकडून ज्या शिव्या शिकलो त्या इथे सांगत नाही, तुमच्या घरी लहान मुलं असतील. माझ्या तोंडावरचा पोचा त्यांचाच. मॅच हरले आणि मला बर्फावर आपटलं. हरले तुम्ही, मार मला! माणसांचं हे असंच असतं.

मग आलो गाश्पारकाकांकडे. ब्रेस्तोव्का गावच्या आगीच्या बंबाचे प्रमुख. त्यांनी मला सहा वर्षं कपाटात ठेवलं. गावात आगच लागेना हो! दर शनिवारी काका कपाट उघडायचे, माझ्यावरची धूळ पुसायचे, कळ दाबून “एक, दोन, तीन” म्हणायचे, परत बंद. त्यांचा अंगठा जाडजूड, खरबरीत. कळ दाबतानाही हळूच दाबायचे, मला दुखेल म्हणून.

गेल्या वर्षी त्यांची गाय अडली. रात्रभर झटून डॉक्टर झेल्मिराबाईंनी गाय आणि वासरू दोन्ही वाचवलं. काका म्हणाले, “काय देऊ, डॉक्टरीणबाई?” बाई म्हणाल्या, “तो भोंगा द्या. पक्ष काढलाय.”

झालं! मी राजकारणात.

पक्षाचं नाव लाविच्का, म्हणजे बाक. बाईंचं म्हणणं असं, की सरकारवाले एका टोकाला, जुने विरोधक दुसऱ्या टोकाला, आणि मधे लोक बिचारे उभेच. त्यांना बसायला बाक पाहिजे. मला हे पटलं. लोकांना हसू आलं. “बाकवाले आले रे!” “ना इकडचे ना तिकडचे!” एका गावात तर एकाने विचारलं, “बाकावर काय, कबुतरांना दाणे टाकणार?” मी त्याच्या कानाशीच होतो. अशी शिट्टी मारली की बिअर सांडली त्याची. बाईंना वाटलं मी बिघडलो.

पण हसून हसून किती हसाल? पक्ष नोंदवायला दहा हजार सह्या लागतात. आमच्याकडे नऊ हजार आठशे साठ झाल्या होत्या. शेवटचा दिवस सोमवार. आणि मी सांगतोय तो रविवार, ब्रेस्तोव्काच्या गुलाश स्पर्धेचा. गुलाश म्हणजे मांसाचा दाट रस्सा, पावाबरोबर खायचा. एकशे चाळीस सह्या मिळाल्या तर पक्ष जन्माला येणार. नाही मिळाल्या तर निवडणूक हुकली आणि आम्ही घरी.

आता ब्रेस्तोव्कात दोन आळ्या. वरची आणि खालची. वरच्या आळीचा गुलाश सरपंच शिजवतो, खालच्या आळीचा गाश्पारकाका. सोयरिकी सुद्धा आळी बघून होतात म्हणे. बाईंनी वरचा गुलाश चांगला म्हटला की खालची आळी सही करणार नाही. खालचा म्हटला की वरची करणार नाही. सरपंचाला हे पक्कं माहीत होतं, म्हणून तर पैज. बाईंनी एकाचं नाव घेतलं तर सह्यांचं टेबल चौकात राहणार. नाही घेतलं तर टेबल उचलायचं आणि गावातनं चालू पडायचं.

“अगं बाई, पैज कशाला घेतलीस!” हर्मिनामावशी कपाळाला हात लावून म्हणाल्या. मावशी आमच्या पक्षाच्या खजिनदार, चिटणीस, ड्रायव्हर, सगळंच.

“तोंडातनं निघून गेलं,” बाई म्हणाल्या.

सकाळी गाव चर्चमध्ये गेलं तेव्हा हंडे चुलाण्यावर रटरटत होते. आगींवर लक्ष ठेवायला दरवर्षीप्रमाणे एकटे गाश्पारकाका मागे. बंबाचा माणूसच तो. चर्च सुटलं, लोक पाव घेऊन रांगेत आले, आणि सरपंचाने दोन वाट्या मांडल्या. एकीवर आकडा एक, दुसरीवर दोन. कुठली कुणाची, फक्त त्याला माहीत.

बाईंनी एक चाखली. पाणी प्यायल्या. दोन चाखली. परत एक. परत दोन. कपाळावर आठी. मी त्यांच्या काखेत. मनात म्हटलं, बाई, बोला काहीतरी, लोक जांभया देतायत.

त्यांनी मला तोंडाशी धरलं. “हे दोन्ही एकच आहेत.”

चौक असा हसला, असा हसला! “बघा! बाकवाली! हिला सगळंच सारखं!”

“म्हणजे दोन्ही चांगले, असंच ना?” सरपंच डोळे मिचकावत म्हणाला.

“चांगले नाही म्हटलं. दोन्हीत पाणी जास्त, दोन्हीत शहाजिरं कमी. एकच म्हटलं. एकाच हंड्यातले.”

हसणं बंद. मग जो कल्ला झाला! “आमचा गुलाश आणि त्या वरच्यांचा, एकच?” “ह्या खालच्यांचं पाणचट आमच्या हंड्यातलं?” स्पर्धेच्या अकरा वर्षांत पहिल्यांदा दोन्ही आळ्या एक झाल्या, त्याही आमच्याविरुद्ध. खरं सांगतो, मलाही वाटलं बाई घाबरल्या आणि मधोमध जाऊन बसल्या. लाज वाटली मला. भोंग्याला लाज!

मावशी कानाशी आल्या. “झेल्मिरा, एक आकडा बोल. कुठलाही. निम्मं गाव तरी सही करेल. तेवढ्यात भागतं आपलं.”

सरपंच गोड झाला. “डॉक्टरीणबाई, आकडा बोला. पहिली सही माझी. शब्द देतो.”

एकशे चाळीस सह्या, एका आकड्याच्या अंतरावर. मी तर “एक” म्हणायला घसा साफ करून बसलो होतो.

बाईंनी कळ दाबली. “मी गुरांची डॉक्टर आहे. गाय गाभण नसेल तर गाभण आहे असं सांगत नाही, मालक कितीही खूश होणार असला तरी. मतांसाठी एका गुलाशाचे दोन करायचे असतील तर त्यासाठी तुमचे जुने पक्ष आहेतच. दोन्ही वाट्या एकाच हंड्यातल्या. परत विचारा, परत हेच सांगीन.”

ओहोहो! असा आवाज माझ्यातनं कधी निघाला नव्हता. घंटाघरावरची कबुतरं उडाली. ऐका रे, बाकावर नुसते बसतात म्हणता ना? माझा पक्ष अख्ख्या गावासमोर उभा होता, एकटा, वाटी हातात घेऊन. हसा अजून! तुमच्या भागात असा कुणी आला तर सही करा नाहीतर करू नका, पण निदान त्याचं शेवटपर्यंत ऐकून घ्या, एवढंच म्हणणं आहे माझं.

कुणी ऐकलं नाही. “टेबल उचला!” बाईंनी खरंच कागद गोळा करायला घेतले. मावशी डोळे पुसत टेबलाचे पाय मिटत होत्या. मला गवतात ठेवलं होतं, पोच्याच्या बाजूवर.

तेवढ्यात कुणीतरी मला उचललं. कळीवर अंगठा आला. जाडजूड, खरबरीत, हळू.

“एक, दोन, तीन,” गाश्पारकाका म्हणाले. सवयच ती. लोक वळले.

“ऐका. खालच्या आळीचा गुलाश सकाळीच करपला. तुम्ही सगळे चर्चमध्ये होतात. मी आगींवर लक्ष ठेवायला बसलो आणि मलाच डुलकी लागली. बंबाचा प्रमुख मी, आणि माझ्याच हंड्याचा कोळसा झाला. कुठल्या तोंडाने सांगणार होतो?”

“मग आम्ही खाल्लं ते काय?” मागून त्यांचीच बायको ओरडली.

“सरपंचाचं. त्याच्या हंड्यात पाणी ओतलं, ढवळलं आणि दोन बादल्या काढून घेतल्या. करपलेला बंबाच्या मागे पुरलाय, पाहिजे तर फावडं आणा.” काकांनी आवंढा गिळला. तोही मी सगळ्या गावाला ऐकवला. “डॉक्टरीणबाई खरं बोलल्या. दोन्ही वाट्या एकाच हंड्यातल्या. चोर मी.”