नवव्या खंडातली शेळी

वेन्डेलने शेळी मनाने घातली होती.

महागाथेचा नववा खंड. राणीची फौज पान पाचशेला दलदलीत शिरते आणि सहाशे तेराला बाहेर येते. मधे चिखल, चिखलाचे प्रकार आणि चिखलाचं गाणं. वेन्डेलने ती पानं सरळ गाळली. पण अमेरिकेतल्या डुलूथ गावच्या वाचकमंडळाचा सारांश लिहायचं काम त्याच्याकडे, म्हणून लिहून टाकलं, ‘राणीची लाडकी शेळी बुडते.’

मंडळाचा नियम एकच होता. पान गाळणाऱ्याला मंडळातून रजा. गेल्या वर्षी क्लिफर्डने आठव्या खंडातलं एक यक्षगीत गाळलं, आता तो बोलिंग खेळतो. वेन्डेलला बोलिंग येत नव्हतं आणि मंडळातल्या तिघांपलीकडे गावात त्याचं कुणी नव्हतं.

शनिवारी दुपारी वाचनालयाच्या तळघरात मार्लिसने रुबार्बचा केक कापता कापता डोळे पुसले. “बिचारी शेळी!”

“दोन दिवस जेवण गेलं नाही मला,” ऑरिन म्हणाला. त्याचा केकचा दुसरा तुकडा चालू होता.

गुनहिल्डबाईंनी पुस्तक टेबलावर आपटलं. वाचलेल्या प्रत्येक पानावर पेन्सिलीने खूण करणाऱ्या बाई त्या. “कुठली शेळी? मी पान न् पान वाचलंय. शेळीबिळी काही नाही!”

वेन्डेलने सारांशाचा कागद घडी घालून खिशात कोंबला.

“अहो, आहे ना,” मार्लिस घाईने म्हणाली. “माझ्या प्रतीत आहे.”

“माझ्याही!” ऑरिन म्हणाला.

तेव्हा कुठे वेन्डेलच्या लक्षात आलं, की या दोघांनी फक्त त्याचा सारांश वाचलाय.

“बरं. रंग कोणता तिचा?” बाईंनी विचारलं.

“पांढरा,” “काळा,” “तपकिरी,” तिघे एकदम म्हणाले.

बाईंनी शांतपणे दाराकडे बोट दाखवलं. मार्लिस केक झाकू लागली. ऑरिनने कोट घेतला.

“थांबा,” वेन्डेल म्हणाला. त्याने बाईंचं पुस्तक पुढ्यात ओढलं. “मोठ्याने वाचू. शेळी नाही निघाली, तर मी एकटा जातो. ह्यांना राहू द्या.”

“वाच लेका. पाचशेपासून,” बाई म्हणाल्या.

तो वाचू लागला. वाचनालय बंद व्हायला चार तास होते. पातळ चिखल झाला, घट्ट चिखल झाला, गाणं झालं, त्याची अकरा कडवी झाली. ऑरिन खुर्चीत वाकडा झाला. जिन्यात रखवालदाराच्या किल्ल्यांचा आवाज आला. राहिली दोन पानं. पान सहाशे बारा. वेन्डेल अडखळला, मग एकेक शब्द सुटा वाचला, “तेवढ्यात... राणीची... शेळी... बुडाली.”

ऑरिन खुर्चीत ताठ झाला.

शेळी करडी होती. तिघांचाही रंग चुकला होता. पण पानाच्या कोपऱ्यात गुनहिल्डबाईंची पेन्सिलीची खूण मात्र ठसठशीत होती.

वेन्डेलने खुणेकडे पाहिलं. बाईंनी दाराकडे पाहिलं.

“वेन्डेल,” पुस्तक मिटत त्या म्हणाल्या, “क्लिफर्डचा फोन नंबर आहे का रे तुझ्याकडे?”