माळावरचं रोप

पद्माकरचं वर्षश्राद्ध झालं आणि दोन दिवसांनी ब्रायनचा फोन आला. रानात दर रविवारी काम करणाऱ्यांचा तो म्होरक्या. "डॉक्टरांचे हातमोजे आमच्या शेडमध्ये राहिलेत. येऊन घेता का?"

सुप्रभा हो म्हणाली. वर्षभर ती सगळ्यालाच हो म्हणत होती.

रविवारी लंडनच्या पिनरहून निघताना तिने चार थालीपीठं फॉइलमध्ये गुंडाळली. सवयीने. भूलतज्ज्ञ म्हणून हॉस्पिटलात तीस वर्षं काढलेला तिचा नवरा पद्माकर दर रविवारी वॉटफर्डच्या अलीकडच्या त्या राखीव रानात जायचा. "झाडांचं काम आहे," एवढंच सांगायचा आणि डब्यात चार थालीपीठं मागायचा. एकटा माणूस, चार थालीपीठं. तिने कधी विचारलं नाही. कधी बरोबर गेलीही नाही. थंडी, चिखल, गुडघे.

गेली होती ती एकदाच, तो गेल्यावर, मार्चमध्ये. अस्थी नाशिकला गेल्या, पण चिमूटभर राख तिने हळदीकुंकवाच्या रिकाम्या डबीत मागे ठेवली होती. माणूस झाडांसाठी जायचा, तर त्याच्या नावाचं एक झाड तिथं असावं, एवढाच विचार. गार्डन सेंटरमधून बर्चचं गुडघाभर रोप आणलं. ओकची दाटी संपली तिथे मोकळा माळ लागला, भरपूर ऊन. कालथ्याने खड्डा केला, राख घातली, रोप लावलं, खोडाला लाल दोरा बांधला. मुलगी ईरा वाटेवर पहारा देत होती. "आई, लवकर! एक कुत्रेवाला येतोय!"

आज नोव्हेंबर. तिला फक्त ते रोप बघायचं होतं. जगलं असेल तर बरं. त्यापलीकडे तिला काही हवंसं वाटत नव्हतं.

ओकची पानं बुटांखाली ओली होती, आवाज करत नव्हती. माळावर हेदर, ते खुरटं रानझुडूप, वाळून तपकिरी झालं होतं. आणि त्या हेदरमध्ये दहाबारा माणसं ओळीने वाकलेली, भाताची लावणी चालावी तशी. फक्त इथे लावणं नव्हतं. उपटणं होतं. बर्चची कोवळी रोपं मुळासकट निघत होती आणि मागच्या ढिगावर पडत होती.

"आई," ईरा हळूच म्हणाली, "आपलं झाड तिकडेच आहे ना?"

सुप्रभा ओळीच्या दिशेने चालत राहिली.

ब्रायन सत्तरीचा, टोपीला चिखल लागलेला. तिने विचारलं, झाडं का काढता?

"नाही काढली तर दहा वर्षांत इथे जंगल. हेदर मरतं, सरडे जातात. जंगल शेजारी आहेच की! असा माळ आता फार थोडा उरलाय." मग तो हसला. "डॉक्टरांनी सांगितलं नाही कधी? त्यांच्यासारखं कुणी उपटत नसे. मूळ तुटू द्यायचे नाहीत. म्हणायचे, आठवडाभर माणसं झोपवतो, एक दिवस माळ जागा ठेवतो. आणि त्यांची ती तिखट भाकरी! चौघं खायचो आम्ही."

सुप्रभाने फॉइलचं पुडकं त्याच्या हातात दिलं. त्याने तिला हातमोजे दिले.

ओळ पुढे सरकत होती. लाल दोऱ्यापासून वीस पावलं. ब्रायनने तिची नजर बघितली.

"ते कुणीतरी लावलंय. लोक प्रेमानंच लावतात. दोरा बघून मी आजपर्यंत ठेवलं."

"आई, सांग ना त्यांना," ईरा म्हणाली. "ते ठेवतील. बाबांचं आहे म्हटलं की नक्की ठेवतील."

ठेवतील, हे सुप्रभालाही कळत होतं. एक शब्द पुरला असता. तिने हातमोजे चढवले. फार मोठे होते, तिची बोटं मध्येच संपत होती. काहीतरी ओठांवर आलं, आजोळच्या जात्यावरच्या ओवीसारखं, पण चाल आली नाही. नुसते शब्द.

*लावलं गं रोप, माळाच्या उन्हात*
*माळच होता बाई, धन्याच्या मनात*

ती गुडघ्यांवर बसली. गुडघे दुखले असतील. दोरा सोडून तिने खिशात ठेवला, खोड अगदी बुंध्याशी धरलं आणि ओढलं. रोप सहज आलं. आठ महिन्यांत मुळं कुठे गेलीच नव्हती. कुंडीत होती तशीच, कुंडीच्या आकारात गोल गुंडाळलेली. मातीत राख वेगळी दिसली नाही.

"डॉक्टरांसारखं," ब्रायन म्हणाला. "एक मूळ मागे नाही."

ईरा रडत होती. सुप्रभाने रोप ढिगावर नेऊन टाकलं, परत आली, टाचेने खड्डा बुजवला.

"आई, तुला काहीच नाही वाटत?"

"नाही गं," सुप्रभा म्हणाली. खरंच सांगत होती. मग तिने ओळीतली रिकामी जागा बघितली आणि ब्रायनला विचारलं, "हे उपटत कुठपर्यंत यायचे?"

त्याने दूर, माळाच्या कडेच्या काटेरी झुडपापर्यंत हात केला.

ती ओळीत उभी राहिली, वाकली.