दिवाळीतला आवाज

"माहेरी आली का मोबाइल पाहाले आली, तेच समजून नाही राह्यलं," पातेल्यातला चीक घोटता घोटता सुभद्राबाई म्हणाल्या. "तीन दिवस झाले. सोऱ्याले हात तरी लावला का हिनं?"

दीपमाला गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"लावतो ना आई. बाया तं येऊ दे."

बायाच येत नव्हत्या. जुनी लुगडी अंथरून त्यांच्या कडांवर विटा ठेवलेल्या होत्या. साखर आणि तेल घातलेल्या पाच वाट्या एका ओळीत मांडलेल्या होत्या. ज्या घरी कुरडया, त्या घरी सकाळी गल्लीतल्या सगळ्यांचे हात, आणि आलेल्या प्रत्येकीला आधी वाटीभर गरम चीक, अशी रीतच होती. चीक कोणासाठी थांबत नाही. गार झाला की सोऱ्यातून उतरत नाही. त्यामुळे उशीर कोणी करत नसे, आणि सुभद्राबाईंच्या गच्चीवर तर कोणाला दुसऱ्यांदा बोलवावंही लागत नसे.

"संजीवनी, निरोप दिल्ता ना?"

"दोनदा दिला, आत्याबाई," सून म्हणाली. ती सोऱ्याला आतून तेलाचा हात लावत होती. तिने तो आधीच एकदा लावला होता.

समोरच्या गच्चीवर कोकिळा धुणं वाळत घालत होती. सुभद्राबाईंनी हाक मारली. नांदुऱ्याच्या स्टेशनात गाडी भोंगा देत शिरली तरी दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जावी, अशी ती हाक होती. कोकिळाने हातातला टॉवेल तसाच बादलीत टाकला आणि ती जिना उतरून गेली.

सुभद्राबाईंनी घोटणं सुनेच्या हातात दिलं.

गल्लीत त्यांच्यापुढे असं तोंड फिरवायची पद्धत नव्हती. शाळा दुसरीपर्यंतच. बसची पाटी अक्षर अक्षर जोडून वाचायच्या. पण मोबाइलवर काही आलं की बाया त्यांच्याकडेच यायच्या. वीज कापणार, बक्षीस लागलं, खातं बंद होणार. एकीने वाचायचं, सुभद्राबाईंनी डोळे मिटून ऐकायचं, तळहातावर गहू घेऊन खडा शोधावा तसं. मग निकाल. गेल्या वर्षी माणिकरावांच्या सुपर मार्केटच्या नावाने फुकट साखर आली होती, तेव्हा त्या ऐकता ऐकताच हसल्या होत्या. "माणिकराव पिशवीचे पैसे सोडत नाही, तो साखर वाटीन? आन वाटलीच, तं आधी दुकानाबाहेरच्या फळ्यावर लिहीन. फळ्यावर नाही ते खोटं." अगदीच शंका असली तर त्या चपला घालून दुकानात जायच्या, गल्ल्यावर बसलेल्या माणिकरावांना तोंडावर विचारायच्या. त्या हो म्हणाल्या की बाया दाबायच्या. नाही म्हणाल्या की पुसून टाकायच्या. आजवर एकदाही चुकलं नव्हतं.

चिकाने भरलेले हात तसेच घेऊन त्या कोकिळाच्या दारात उभ्या राहिल्या.

"तोंड काऊन फिरवलं वं? म्या काय घोडं मारलं तुहं?"

कोकिळाने दार पूर्ण उघडलं नाही.

"मावशी, तुम्ही मोठ्या. मी काही म्हणत नाही."

"म्हण."

कोकिळा आत गेली आणि मोबाइल घेऊन आली. उभ्या उभ्याच वाचायला लागली. माणिकरावांच्या सुपर मार्केटचा वर्धापन दिन. दहा किलो तांदूळ, पाच लिटर तेल मोफत. गाडीभाडं फक्त नऊ रुपये. बारा मैत्रिणींना पाठवा.

"खोटं हाये," सुभद्राबाई मध्येच म्हणाल्या. "फळा पाह्यला का कोणी? आन माणिकराव तेल..."

"आता म्हणता," कोकिळा म्हणाली, आणि तिने त्याखालचं काहीतरी दाबलं.

"हो, म्या सोता दुकानात जाऊन इचारलं. माणिकराव म्हणे, खरं हाये. बिनघोर घे."

आवाज सुभद्राबाईंचा होता.

"दीपानं पाठवला," कोकिळा म्हणाली. "तिच्या म्हणण्यावर मी हातही लावला नसता, खरं सांगतो. पण खाली तुम्ही बोलल्या. मंग नऊ रुपये भराले कार्डाचा नंबर टाकला. आकडे आले, तेही टाकले. पोरीच्या, मंजुश्रीच्या नर्सिंगच्या ॲडमिशनचं सगळं त्याच खात्यात होतं, मावशी. सगळं गेलं. हे ठाण्यात जाऊन आले. तिथं लिहून घेतलं, पाहू म्हणाले." तिने ओढणीने मोबाइलची काच पुसली. "मंजुश्री कालपासून जेवली नाही. आन तुम्ही कुरडयाले हाका मारून राह्यल्या."

"पुन्हा लाव."

कोकिळाने लावलं. सुभद्राबाईंनी नेहमीसारखे डोळे मिटले. आवाज त्यांचाच, पण फाटलेला, घशात बसलेला. मागे लांबवर फटाक्यांची माळ तडतडत होती.

गेल्या दिवाळीत त्यांचा घसा आठ दिवस बसला होता. दीपमालाने खामगावहून विचारलं होतं, माणिकरावांकडे फराळाच्या सामानावर डबा फुकट आहे म्हणतात, खरं का? तेव्हा दुकानाच्या फळ्यावरही तसं लिहिलेलं होतं. तरी त्या गेल्या होत्या, विचारून आल्या होत्या, आणि बसल्या आवाजात बोलल्या होत्या. लिहायचं त्यांना जमत नसे. आवाज पाठवायला संजीवनीने शिकवलं होतं, तेही एकाच माणसाला. मोबाइल उघडला की सगळ्यात वर लेकीचा फोटो. त्यावर बोट ठेवायचं आणि बोलायचं.

"तुम्हाले माहीत नव्हतं का?" कोकिळाचा आवाज थोडा खाली आला.

दिवाळीचं सांगितलं असतं तर त्या तिथेच मोकळ्या झाल्या असत्या. सुभद्राबाई बोटांवर वाळत चाललेला चीक खरवडत राहिल्या.

"आवाज माहाच हाये," त्या म्हणाल्या, आणि परत फिरल्या.

गच्चीवर संजीवनी एकटीच घोटत होती. चीक घट्ट होऊन घोटण्याला धरायला लागला होता. सुभद्राबाई टाकीपाशी जाऊन लेकीसमोर खाली बसल्या.

"त्यानं तुले काय भेटणार होतं?"

"कशानं?"

"कोकिळेले पाठवलं, त्यानं."

दीपमालाने मोबाइल पदराखाली घेतला, मग पुन्हा बाहेर काढला.

"बारा जणींले पाठवलं तं आपली भेट पक्की होते म्हणे. पण कोणी उघडतच नव्हतं. ज्या त्या म्हणत, मावशीले विचारून सांगतो. म्हणून मंग..."

"म्हणून तू मले न इचारता माहं दिवाळीतलं उत्तर देऊन टाकलं."

"आई, मले काय माहीत ते खोटं होतं? मीही फसलीच ना."

सुभद्राबाईंनी हात पुढे केला आणि लेकीच्या गुडघ्यावर ठेवला. लहानपणी ताप चढला की ठेवायच्या तसा.

"तुहेही पैसे गेले? जावयाले सांगतलं का?"

दीपमाला मोबाइलचं कव्हर काढत-घालत राहिली. स्टेशनाकडून मालगाडीचा आवाज येत राहिला, संपला.

"माहे नाही गेले."

"काऊन?"

"मी नंबर नाही टाकला."

"काऊन नाही टाकला?"

"शंका आली ना आई. कार्डाचा नंबर मागत होते. म्हटलं थांबावं. आधी कोणाले भेटते का ते पाहावं."

संजीवनीचं घोटणं थांबलं.

सुभद्राबाईंनी गुडघ्यावरचा हात उचलला. तिथे दीपमालाच्या साडीवर चिकाचा पांढरा ठसा राहिला होता. त्या उठल्या. ओळीत मांडलेल्या पाचही वाट्या त्यांनी एकीत एक घातल्या आणि भिंतीशी ठेवल्या. पातेल्यात बोट घालून पाहिलं. चीक गार झाला होता.

"संजीवनी, पातेल्यावर झाकण ठेव. माह्या चपला काढ. तूही चाल, कोणाचं वाचा लागलं तं. बारा घरी जा लागते."

"आत्याबाई, काय सांगसान त्याईले?"

"जे झालं ते. नाव घेऊन."

"आई!" दीपमाला उठून उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते. "माहं नाव सांगशीन? गल्लीत? अवं, मीही त्याईच्यासारखीच फसली, किती वेळा सांगू?"

सुभद्राबाई जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबल्या. पदराला हात पुसत त्यांनी लेकीकडे नीट पाहिलं.

"नाही, दीपे. तू नाही फसली. तुले खरं वाटलं असतं, तं तू तुह्याच तोंडानं सांगतलं असतं."